क्रांतिकालीन कागदी चलन

क्रांतिकालीन कागदी चलन : क्रांती, सशस्त्र उठाव, यादवी युद्ध अथवा स्वातंत्र्यसंग्राम यांच्या काळात सत्ता हाती घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या शासनाने, सेनेने वा स्थानिक समितीने काढलेल्या नोटा, रोखे, वचनचिठ्ठ्या व देणगी-पावत्या यांना सामान्यतः ही संज्ञा लावली जाते. अशा चलनाचा संग्रह व त्याचे मूल्यनिर्धारण ही नाणकशास्त्राची तुलनेने अलीकडची शाखा होय. नाणी जमविण्याचा छंद राजेरजवाड्यांच्या काळापासून चालत आला. जुन्या नोटांकडे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसे कोणी लक्ष दिले नाही. ‘इंटरनॅशनल बँक नोट सोसायटी’ ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली आणि आल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाच्या जागतिक सूचीची पहिली आवृत्ती १९७५ मध्ये निघाली. त्यानंतरच या क्षेत्राला काही शिस्त आली.

धातूचे नाणे आणि कागदी नोट यांत मूलभूत फरक आहे. नाण्यात काही प्रमाणात तरी स्वतःचे द्रव्य असते. नोट ही केवळ एक वचन असते. स्थिर राज्यात या वचनाचा कोणी विचार करीत नाही. क्रांतीच्या काळात मात्र वचन देणारी सत्ता उद्या राहील की नाही, हाच प्रश्न असतो. वचन पाळले गेले, तर नोटा खजिन्यात परत येतात, रद्द होतात, जाळल्या जातात आणि पुढे दुर्मिळ होतात. वचन मोडले, तर त्या धारकांच्या पेटाऱ्यांत तशाच पडून राहतात आणि शंभर-दोनशे वर्षांनंतर संग्राहकाला स्वस्तात मिळतात. म्हणूनच आज अल्प किंमतीला मिळणारी नोट ही पुष्कळदा एखाद्या कुटुंबाच्या बुडालेल्या बचतीची खूण असते. या नियमाला अपवाद आहेत. पण क्रांतिकालीन चलनाची बाजारातील किंमत समजून घेण्यासाठी प्रथम हा नियम ध्यानी घ्यावा लागतो.

अमेरिका : स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभी अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसजवळ करवसुलीचा अधिकार नव्हता आणि सोन्याचांदीचा साठाही नव्हता. सैन्याचा खर्च भागविण्यासाठी तिने १७७५ पासून स्पॅनिश डॉलरच्या हिशेबात कागदी नोटा काढल्या. १७७९ अखेर त्यांची एकूण रक्कम सु. २४ कोटी डॉलरवर गेली. प्रत्येक नोटेवर हाताने अनुक्रमांक घालून सही केली जाई. बनावट रोखण्यासाठी कागदाच्या लगद्यात अभ्रकाचे कण व निळे धागे मिसळत. बेंजामिन फ्रँक्लिनच्या कल्पनेनुसार नोटेच्या पाठीवर झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा उमटविलेला असे. पानाच्या शिरांचे जाळे हाताने हुबेहूब कोरणे जवळजवळ अशक्य होते. एवढे करूनही न्यूयॉर्क ताब्यात असलेल्या ब्रिटिशांनी बनावट नोटा पसरविल्या. काँग्रेसने १७८० मध्ये चाळीस डॉलरच्या नोटांस एक डॉलर असा भाव मान्य केला, तर १७९० च्या कायद्याने शंभरास एक या दराने त्या सरकारी रोख्यांच्या बदल्यात स्वीकारल्या. इतक्या अल्प मोबदल्यासाठी नोटा परत करण्याचे कष्ट सर्वांनीच घेतले नाहीत. त्यामुळे त्या आजही पुष्कळ उपलब्ध आहेत.

फ्रान्स : फ्रेंच राज्यक्रांतीतील ‘असिन्या’ हे या विषयाचे सर्वांत संपन्न प्रकरण होय. डिसेंबर १७८९ मध्ये राष्ट्रसभेने चर्चची जमीन राष्ट्रीय मालमत्ता म्हणून विकण्याचे ठरविले आणि त्या भावी विक्रीच्या तारणावर ४० कोटी लिव्रचे व्याजी रोखे काढले. जमीन विकत घेणाऱ्याने ते सरकारात भरावेत व सरकारने ते जाळून टाकावेत, अशी मूळ योजना होती. काही काळ ती खरोखरच चालली. १७९० मध्ये या रोख्यांना विधिग्राह्य चलनाचा दर्जा मिळाला व त्यांवरील व्याज बंद झाले. युद्ध, अन्नटंचाई आणि करवसुलीतील गोंधळ यांमुळे पुढे छपाईला धरबंध राहिला नाही. १७९६ च्या आरंभापर्यंत सु. ४,५०० कोटी लिव्रच्या नोटा निघाल्या होत्या आणि त्यांचे मोल दर्शनी मूल्याच्या शेकडा एकाहूनही खाली आले होते. १९ फेब्रुवारी १७९६ रोजी पॅरिसमध्ये जनतेसमक्ष छपाईची सामग्री नष्ट करण्यात आली. असिन्यांच्या जागी आलेले ‘मांदा’ नावाचे नवे रोखे वर्षभरही टिकले नाहीत.

असिन्यांचा संग्रह करणाऱ्यास वर सांगितलेला नियम एकाच मालिकेत पाहावयास मिळतो. पहिल्या काळातील मोठ्या रकमेचे व्याजी रोखे जमिनीच्या व्यवहारात परत आले व जळाले. ते आज फार थोडे आहेत. शेवटच्या वर्षांतील पन्नास सू, दहा लिव्र यांसारख्या लहान नोटा न कापलेल्या तावांच्या रूपातही सहज मिळतात. या मालिकेत राजकारणही उमटलेले दिसते. आरंभीच्या नोटांवर सोळाव्या लुईची मुखाकृती होती. राजेशाही संपल्यावर तिची जागा प्रजासत्ताकाच्या चिन्हांनी घेतली. तथापि राजाच्या चेहऱ्याची नोट बाजारात प्रजासत्ताकाच्या नोटेपेक्षा चढ्या भावाने चाले, कारण राजा परत आला तर निदान एवढ्या नोटा तरी मान्य होतील, असा धारकांचा होरा होता. ३१ जुलै १७९३ रोजी शासनाने शंभर लिव्रच्या वरच्या राजमुखी नोटा रद्द केल्या, त्यामागे हेही एक कारण होते. वांदे प्रांतातील राजनिष्ठ बंडखोरांनी याच काळात राजाच्या नावाने स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांचा आवाका लहान व शेवट रक्तरंजित झाल्याने त्या अतिशय दुर्मिळ आहेत.

असिन्यांवर बनावट करणाऱ्यास मृत्युदंडाची आणि त्याला पकडून देणाऱ्यास बक्षिसाची ग्वाही छापलेली असे. तरीही देशातील ठग, परागंदा सरदार आणि इंग्लंड या तिन्ही बाजूंनी बनावट नोटा आल्या. त्या काळची अशी बनावट नोट हा आज स्वतंत्र संग्रहाचा विषय आहे. शत्रूचे चलन पाडण्याच्या युद्धनीतीचा तो प्रत्यक्ष पुरावा होय.

हंगेरी : १८४८–४९ च्या हंगेरियन स्वातंत्र्ययुद्धात अर्थमंत्री लायोश कोशूत याने काढलेल्या नोटा ‘कोशूत नोटा’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी काहींवर हंगेरियनखेरीज जर्मन, स्लोव्हाक, सर्बियन व रुमानियन भाषांतही मजकूर होता. ऑगस्ट १८४९ मध्ये हंगेरियन सेना शरण गेल्यावर ऑस्ट्रियाने या नोटा कोणताही मोबदला न देता जमा करविल्या व जाळल्या. या ठिकाणी वर सांगितलेल्या नियमाला मुरड पडते. वचन मोडले तरी नोटा जप्त होऊन नष्ट झाल्या. आणि ज्या उरल्या त्या पैशाच्या आशेने नव्हे, तर पराभूत लढ्याची आठवण म्हणून लोकांनी जिवावर उदार होऊन लपविल्या. नोटेचे चलन म्हणून आयुष्य संपल्यावर स्मृतिचिन्ह म्हणून दुसरे आयुष्य सुरू होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

परागंदा कोशूतने हा उद्योग पुढेही सोडला नाही. अमेरिकेच्या दौऱ्यानंतर तेथील सहानुभूतीदारांसाठी ‘हंगेरियन निधी’च्या डॉलर नोटा छापण्यात आल्या. स्वतंत्र हंगेरियन शासन प्रत्यक्ष स्थापन झाल्यावर एका वर्षाने रक्कम देण्याचे वचन त्यांवर होते. अर्थात हे चलन नव्हे, तर नोटेचा वेश घेतलेली देणगी-पावती होती. त्या आज विपुल आहेत. पुढे १८६१ मध्ये त्याने लंडनच्या ‘डे अँड सन्स’ या मुद्रकांकडून भावी हंगेरीसाठी मोठ्या प्रमाणावर नोटा छापवून घेतल्या. तेव्हा ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्सिस जोसेफ याने थेट इंग्रज न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने सम्राटाच्या बाजूने निकाल दिला व नोटा नष्ट करविल्या. परदेशी राजाने आपल्याविरुद्धच्या क्रांतीचे चलन न्यायालयाकरवी नष्ट करविल्याची अशी उदाहरणे विरळाच.

रशिया, मेक्सिको व चीन : रशियात १९१७ नंतर केंद्रीय सत्ता, श्वेत सेनापती, प्रादेशिक शासने, नगरपालिका व सहकारी संस्था यांनी हजारो प्रकारच्या नोटा काढल्या. केरेन्स्कीच्या काळातील वीस व चाळीस रूबलच्या नोटा तिकिटाएवढ्या लहान असून त्यांवर अनुक्रमांकही नव्हता. लोक त्या तावातून कापून वापरीत. हंगामी शासनाच्या १९१७ च्या २५० रूबलच्या नोटेवर गरुडामागे स्वस्तिक आहे. भारतीय संग्राहकास त्याचे कुतूहल वाटते. मात्र तिचा नंतरच्या जर्मन राजकारणाशी काही संबंध नाही. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे झारच्या काळातील ठशांवरून क्रांतीनंतर छापलेल्या नोटा होत. त्यांवर जुनेच वर्ष असते. सही व अनुक्रमांक यांवरूनच खरा काळ ठरतो.

मेक्सिकोत १९१३–१६ या काळात प्रत्येक सेनापतीचे चलन निराळे होते. शेवटी कारांझाने ‘बनावट करता न येणारी’ अशा नावाने काढलेल्या नोटाही काही महिन्यांतच कोसळल्या. याउलट चीनमधील रुइजिन येथे १९३२ मध्ये माओ झेमिनच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या सोव्हिएत राष्ट्रीय बँकेने आपल्या नोटांना शक्य तेथे वस्तू व चांदी यांचा आधार दिला. जानेवारी १९३५ मध्ये लाँग मार्चच्या वाटेवर झुन्यी शहर सोडण्यापूर्वी लाल सेनेने तेथे खर्च केलेल्या नोटा मीठ व इतर माल देऊन परत घेतल्या. आपण गेल्यावर ही नोट ज्याच्या घरात सापडेल त्याच्यावर संकट येईल, हे तिला ठाऊक होते. या नोटा आज दुर्मिळ आहेत व चिनी संग्राहकांच्या मागणीमुळे महागही आहेत.

भारत : २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापन केले व एप्रिल १९४४ मध्ये रंगून येथे आझाद हिंद बँक सुरू झाली. या सेनेच्या उच्चाधिकाऱ्यांत सावंतवाडीजवळच्या तिरोडे गावचे जगन्नाथराव भोसले हे होते. बँकेचा मुख्य आधार आग्नेय आशियातील भारतीयांनी दिलेल्या रोख रकमा, दागिने व मालमत्ता हा होता. ‘आझाद हिंद’ असा मजकूर असलेल्या, बहुधा एकाच बाजूस छापलेल्या आणि काही तर एक लाख रुपयांच्या आकड्याच्या ज्या ‘नोटा’ लिलावात येतात, त्यांच्याकडे या पार्श्वभूमीवर सावधपणे पाहावे लागते. कोशूतच्या डॉलर नोटांप्रमाणे निधिसंकलनाचे कागद आणि बाजारात फिरलेले चलन यांत भेद करणे आवश्यक आहे. नंतरच्या काळात तयार केलेल्या प्रतींचीही या गटात भर पडली आहे. रंगूनच्या बाजारात प्रत्यक्ष चालत होते ते जपानी सैन्याने काढलेले रुपये.

या जपानी रुपयांवर मागणी करताच धारकास रक्कम देण्याचे वचन इंग्रजीत छापलेले होते. बहुतेकांवर अनुक्रमांक नव्हता, केवळ ‘बी’ने सुरू होणारी अक्षरे होती. १९४५ मध्ये ब्रिटिश सत्ता परत आली, तेव्हा ते निरर्थक ठरले. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेल्या सैनिकांनी आठवण म्हणून आणलेल्या अशा नोटा भारतात विपुल आढळतात. त्यांना क्रांतीचे चलन म्हणता येणार नाही. परंतु आझाद हिंदच्या इतिहासापासून त्या वेगळ्याही काढता येत नाहीत, कारण त्या भागातील भारतीयांच्या देणग्यांचा बराच भाग याच कागदात दिला गेला.

हैदराबाद संस्थानच्या नोटा (१९१८ पासून) वेगळ्या कारणाने लक्षणीय आहेत. त्यांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड मजकूरही असे. सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये, असा त्यांचा ढोबळ हिशेब होता. मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर छापा घालून सु. २० लाख रुपयांची रक्कम हस्तगत केली. आंदोलनाने स्वतःची नोट न काढता प्रतिपक्षाचीच नोट वापरल्याचे हे मोठे उदाहरण होय. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हाली चलन टप्प्याटप्प्याने भारतीय रुपयांत बदलून देण्यात आले. वचन पाळले गेल्याने, विशेषतः शंभर व हजार रुपयांच्या हैदराबादी नोटा आता सुस्थितीत क्वचितच मिळतात.

सातारा-सांगली प्रदेश : ज्या प्रतिसरकारने (१९४३–४६) सातारा जिल्ह्यात इंग्रजी अंमल जवळजवळ निष्प्रभ केला, त्याने स्वतःचे चलन काढले नाही. याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यात होता आणि त्याच्या आसपास औंध संस्थानचा मुलूख विखुरलेला होता. आटपाडी व कुंडल हे दोन्ही महाल औंधचे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली होती. संस्थानी हद्दीत इंग्रज पोलिसांना सरळ हात घालता येत नसे. म्हणून कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या सहकाऱ्यांचे प्रमुख ठाणे झाले. प्रतिसरकारने लोकन्यायालये भरविली, तूफान सेना उभी केली, अल्प खर्चाची गांधी-विवाह पद्धती रुजविली; पण गावच्या बाजारात नोट फिरली ती रिझर्व्ह बँकेचीच. तिच्यावर सहाव्या जॉर्जचे चित्र असे आणि ऑगस्ट १९४३ नंतर छापलेल्या पुष्कळ नोटांवर बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही असे. राजाचे चित्र, रायगड जिल्ह्यातील मराठी अधिकाऱ्याची सही आणि ती हाताळणारा भूमिगत कार्यकर्ता, असा हा योग होता.

स्वतःची नोट काढावयाची, तर सुरक्षित छापखाना, तारणाचा साठा आणि ती स्वीकारणारा व्यापारी, या तिन्ही गोष्टी लागतात. भूमिगत चळवळीजवळ यांपैकी एकही नसते. शिवाय अशी नोट ज्याच्या खिशात सापडेल, त्याच्याविरुद्ध दुसऱ्या पुराव्याची गरजच उरत नाही. फिलिपीन्समध्ये जपानविरोधी गनिमांनी १९४२ पासून नोटा काढल्या, तेव्हा त्या बाळगणाऱ्यांना जपान्यांनी देहदंडही दिला. सातारच्या कार्यकर्त्यांनी निराळा मार्ग घेतला. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची रक्कम नेणारी गाडी आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे भागात चिमठाणेनजीक साडेपाच लाखांचा सरकारी खजिना त्यांनी लुटला व लढ्याचा खर्च चालविला.

या प्रदेशातील लोकांचा धातूवर असलेला विश्वासही विचारात घेण्यासारखा आहे. आटपाडी, खानापूर व विटा या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभरातील शहरांत पसरले आहेत. चांदीचा रुपया मुशीत घातला, तर चांदी हाती लागते. नोटेची राखच होते. महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, सरकारने रुपयातील चांदी बारापैकी अकरा भागांवरून निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची कागदी नोट चालू केली. तेव्हा जुना रुपया व्यवहारातून नाहीसा होऊन घरोघर साठविला गेला. ज्या समाजात सरकारी कागदाबद्दलच इतका संशय होता, तेथे बंडखोरांचा कागद चालला असता, असे मानण्यास आधार नाही.

त्यामुळे या भागातून संग्राहकाकडे येतात ते नोटेऐवजी पावत्या, चिठ्ठ्या, पत्रके, निधीचे हिशेब असे कागद. लुटीतील म्हणून दाखविली जाणारी सहाव्या जॉर्जची नोट मात्र अनुक्रमांकाची समकालीन नोंद असल्याशिवाय इतर कोणत्याही नोटेहून निराळी ठरत नाही. केवळ सांगोवांगीच्या कथेने तिची किंमत वाढविणे योग्य नव्हे.

मूल्यनिर्धारण : नोटेची किंमत ठरविताना प्रथम ती कोणाची, कोणत्या वर्षाची व कोणत्या छपाईची हे निश्चित करावे लागते. त्यासाठी सही, अनुक्रमांक, जलचिन्ह, कागदाचा पोत व मुद्रकाचे नाव पाहतात. त्यानंतर अवस्था. घडी न पडलेली, कोपरे धारदार असलेली नोट आणि चार घड्यांची, मळकी नोट यांच्या किंमतींत दहापट अंतर पडू शकते. अलीकडे व्यावसायिक संस्था ७० गुणांच्या मापावर दर्जा ठरवून नोट सीलबंद करून देतात. भारतीय नोटांसाठी रेझवान रझाक व किशोर झुनझुनवाला यांची संदर्भसूची (२०१२ ची सुधारित आवृत्ती) सर्वमान्य आहे.

दर्शनी रक्कम व वय या दोन गोष्टींना सामान्य लोक अतोनात महत्त्व देतात. प्रत्यक्षात त्यांचे मोल थोडे. दोनशे वर्षांपूर्वीची असिन्या काही शेकडा रुपयांत मिळू शकते, तर नव्वद वर्षांपूर्वीची चिनी सोव्हिएत नोट शेकडो पटींनी महाग असते. किती नोटा छापल्या यापेक्षा किती उरल्या, आणि उरलेल्यांमागे आज किती मागणी आहे, यावर भाव ठरतो. मागणी ही मुख्यतः त्या देशातील संग्राहकांची सुबत्ता व इतिहासाविषयीची आस्था यांवर अवलंबून असते.

बाजाराचा आणि इतिहासाचा निकष मात्र नेहमी एक नसतो. रद्द केल्याचा छेद, मागे लिहिलेले नाव, हिशेबनिसाचा आकडा, जप्तीचा शिक्का, हे सर्व लिलावात दोष ठरतात व किंमत उतरवितात. इतिहासकाराला नेमके तेच हवे असते. छेद दिलेली नोट वचन पाळले गेल्याचे सांगते. नाव लिहिलेली नोट कोणाच्या हातात ती थांबली हे सांगते. कोरी करकरीत नोट पुष्कळदा एवढेच सांगते, की ती कधी वापरलीच गेली नाही. याहून गंभीर हानी विक्रीच्या पद्धतीने होते. एखाद्या कुटुंबातील गाठोड्यात नोट, पाकीट, पत्र व पावती एकत्र असतात. व्यापारी नोट वेगळी काढतो, पाकिटावरील टपालतिकीट दुसऱ्यास विकतो आणि पत्र रद्दीत जाते. चारही वस्तूंचे बाजारमूल्य कदाचित वाढते, पण त्यांनी मिळून दिलेली साक्ष कायमची नष्ट होते. म्हणून असा संग्रह फोडण्यापूर्वी त्याची यादी व छायाचित्रे करणे, हे किमान कर्तव्य समजले पाहिजे.

बनावट व प्रतिकृती : समकालीन बनावट नोट आणि नंतरची प्रतिकृती यांत भेद करावा लागतो. पहिलीला संग्रहमूल्य असते, दुसरीला नसते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या नोटांच्या तपकिरी, कडक व मुद्दाम जुनाट केलेल्या कागदावरील प्रतिकृती संग्रहालयांच्या विक्रीकेंद्रांत स्मृतिवस्तू म्हणून विकल्या जात. खऱ्या नोटेचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा असल्याने अडीचशे वर्षांनंतरही मऊ व लवचिक राहतो. हा फरक बोटांना कळतो. रशियन व मेक्सिकन नोटांत नंतर मारलेले खोटे उपरिशिक्के वारंवार आढळतात, कारण अशा शिक्क्याने साध्या नोटेची किंमत एकदम वाढते. शिक्क्याची शाई घडीच्या भेगेत शिरली आहे काय, हे भिंगाखाली पाहिल्यास शिक्का घडीच्या आधीचा की नंतरचा हे बहुधा ठरविता येते.

जतन व कायदा : नोटा धुणे, इस्त्री करणे, चिकटपट्टीने जोडणे किंवा लॅमिनेट करणे यांनी त्यांचे कायमचे नुकसान होते. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटे कालांतराने आम्ल सोडतात. त्याऐवजी पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत. पावसाळ्यात दमटपणा व वाळवी यांपासून विशेष जपावे लागते. अभ्यासकांना नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था (१९८०) आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय येथे तुलनेसाठी साहित्य मिळू शकते.

पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुराणवस्तू ठरतात. ऐतिहासिक मूल्य असलेले हस्तलिखित, अभिलेख वा दस्तऐवज यांच्यासाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुराणवस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाहीत. १९४३ मधील पावत्या व चिठ्ठ्यांनी ही पंचाहत्तर वर्षांची मर्यादा २०१८ मध्ये ओलांडली आहे. २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजार रुपयांच्या नोटांबाबत २०१७ च्या कायद्याने वेगळे बंधन घातले असून अभ्यास, संशोधन अथवा नाणकशास्त्रीय संग्रहासाठी त्या पंचवीसपर्यंतच बाळगता येतात. इतरांना ही मर्यादा दहा नोटांची आहे.